केबलवाल्याची वही आणि सेट टॉप बॉक्स

३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईतील केबलच्या तारेतून जाणारा जुना, ॲनालॉग सिग्नल बंद करावा, असा सरकारी हुकूम होता. दिवाळी पंधरवड्यावर आली होती. ज्यांनी सेट टॉप बॉक्स घेतला नव्हता त्यांच्या पडद्यावर मुंग्या येणार होत्या, आणि अनेकांच्या आल्याही. त्या दिवसांतील जाहिराती आणि सरकारी निवेदने एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होती : चित्र स्वच्छ दिसेल, आवाज स्पष्ट येईल, वाहिन्या भरपूर मिळतील. यात खोटे काही नव्हते. पण गेल्या चाळीस वर्षांचे केबलचे कायदे, अधिसूचना, दरपत्रके आणि पावत्या एकापुढे एक मांडून वाचल्या, तर या खोक्याचे पहिले काम चित्र दाखवण्याचे नव्हते असे दिसते. त्याचे पहिले काम घरे मोजण्याचे होते. त्याआधी ही मोजदाद कुठे होत होती, ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली आणि ती देताना प्रेक्षकाच्या पदरात काय पडले, हे पाहण्यासारखे आहे.

मुंबईत दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे दूरचित्रवाणी म्हणजे छपरावरचा ॲल्युमिनिअमचा अँटेना आणि एक, फार तर दोन वाहिन्या. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंग आले आणि त्याच सुमारास व्हीसीआरही घराघरांत शिरू लागला. केबलचा जन्म या व्हीसीआरमधून झाला. मुंबईच्या उंच इमारतींत कोणीतरी एक व्हीसीआर ठेवी, त्यातून निघालेली तार जिन्याच्या कडेने प्रत्येक मजल्यावर जाई आणि ठरलेल्या वेळी सगळ्या इमारतीला एकच चित्रपट दिसे. इमारतीतून ही तार गल्लीत आली, गल्लीतून पलीकडच्या चाळीत गेली. निर्मात्यांची यावर ओरड होती. १९८४ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात व्हिडिओचा समावेश झाला, शिक्षाही वाढल्या. तार मात्र वाढतच राहिली.

१९९१ साल हे या व्यवसायाचे खरे वळण. जानेवारीत आखाती युद्ध सुरू झाले आणि सीएनएनवरचे बाँबवर्षाव मोठ्या हॉटेलांत लोकांनी थेट पाहिले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीचे प्रक्षेपण एशियासॅट-१ या उपग्रहावरून सुरू झाले. उपग्रहाचा झोत भारतावर पडत होता आणि सिग्नलला कुलूप नव्हते. गच्चीवर मोठी छत्री बसवायची, ती उपग्रहाकडे रोखायची आणि आलेले चित्र आधीच टाकलेल्या तारेत सोडायचे, एवढेच काम. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला तेव्हा हिंदीतली करमणूकही या तारेतून येऊ लागली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी. व्हीसीआर भाड्याने देणारे, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे, इलेक्ट्रिकची कामे करणारे, काही ठिकाणी नुसताच गल्लीत दबदबा असणारे तरुण, असे नाना प्रकारचे लोक केबलवाले झाले. सरकारने यातले काहीही योजले नव्हते. मला वाटते, स्वतंत्र भारतात सरकारी नकाशाशिवाय उभे राहिलेले एवढे मोठे तारांचे जाळे दुसरे नसावे.

या जाळ्याचा हिशेब राहत होता एका वहीत. लांबट, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारीसाठी वापरतात तसली वही. मी पाहिलेल्या वह्यांत पहिल्या रकान्यात खोली क्रमांक किंवा नुसते आडनाव, पुढे बारा महिन्यांचे बारा चौकोन, आणि चौकोनात कधी रक्कम, कधी बरोबरची खूण, कधी फुली. काही नावांपुढे वर्षभर काहीच लिहिलेले नाही : ते पोलीस चौकीतले, नगरसेवकाच्या कार्यालयातले, किंवा ज्यांच्या गच्चीवर छत्री उभी आहे ते. काही ठिकाणी ‘गावी’ असे लिहून दोन महिने सोडलेले. गिरणी बंद असलेल्या घरांत पैसे तुकड्यातुकड्यांनी आलेले. हप्ता थकला तर केबलवाल्याचा पोऱ्या जिन्यातल्या डबीतून तार सोडवे आणि पैसे दिले की पुन्हा लावून जाई. चित्र गेले की गॅलरीतून ‘तुमच्याकडे दिसतंय का हो?’ अशी विचारणा होई आणि मग कोणीतरी खाली जाऊन त्याला गाठी. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एका गल्लीत एकच केबलवाला असे, दुसऱ्याला तो शिरू देत नसे, आणि त्यासाठी मारामाऱ्याही झालेल्या आहेत. पण माझ्या विषयापुरते महत्त्वाचे हे, की त्या भागात केबल किती घरांत आहे याचा एकमेव खरा आकडा त्या वहीत होता आणि वही त्याच्या खिशात होती.

सरकारने पहिला हात घातला तो सप्टेंबर १९९४ च्या अध्यादेशाने. १९९५ मध्ये त्याचा केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा झाला. त्याने केबलवाल्यावर नोंदणीची सक्ती केली आणि नोंदणीचे ठिकाण ठरवले मुख्य टपाल कार्यालय. मनीऑर्डर आणि पोस्टकार्डांच्या रांगेत उभे राहून केबलवाल्याने अर्ज भरावा, ही कल्पना आज गमतीची वाटेल. पण देशभर पसरलेली आणि संदेशवहनाशी नाते सांगणारी दुसरी यंत्रणा सरकारकडे होती कुठे? दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे याच कायद्याने बंधनकारक झाले. घरांची संख्या मात्र केबलवाला सांगेल ती. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक कर शाखा दर जोडणीमागे कर घेई. पुढे मुंबईत तो महिना ४५ रुपयांपर्यंत गेला. तारा वर पाहत, डब्या मोजत निरीक्षक फिरत. पण एका डबीतून किती घरे फुटली आहेत हे खालून कळत नाही.

करापेक्षा मोठे भांडण वाहिन्यांशी झाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून चित्रपटांच्या आणि खेळांच्या वाहिन्या एकेक करून ‘पे’ झाल्या, म्हणजे त्यांनी आपल्या सिग्नलला कुलूप लावले. किल्ली, म्हणजे डिकोडर, केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये. तिथे कुलूप एकदा उघडले की पुढे तारेत जाणारे चित्र उघडेच. पैसे घरटी द्यायचे, पण घरे किती हे सांगणार केबलवालाच. या धंद्यात त्या जाहीर आकड्याला ‘कनेक्टिव्हिटी’ म्हणत, आणि वहीतली घरे व कनेक्टिव्हिटी यांत मोठे अंतर असे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. मग वाहिन्या दर वाढवत आणि केबलवाला आकडा कमी धरी. आकडा कमी म्हणून पुन्हा दर वाढे. ठरावीक काळाने ही रस्सीखेच तुटेपर्यंत ताणली जाई आणि ऐन क्रिकेट सामन्याच्या वेळी वाहिनी गायब होई. एव्हाना छोट्या केबलवाल्यांच्या डोक्यावर हॅथवे, इनकेबल, सिटी केबल अशा मोठ्या कंपन्या आल्या होत्या. त्या मोठ्या छत्र्यांवरून सिग्नल घेऊन खाली वाटत. वही मात्र खालीच राहिली.

इथे एक छोटी आठवण नोंदवतो, कारण ती सहसा कोणी नोंदवत नाही. घरातल्या टीव्हीवर बसलेला पहिला केबलचा खोका सेट टॉप बॉक्स नव्हता. जुन्या संचांत आठ-बारा बटणे असत आणि वरच्या कंप्रतेच्या वाहिन्या त्यांना पकडता येत नसत. त्यासाठी ‘कन्व्हर्टर’ नावाची डबी मिळे. ती काही मोजत नव्हती, कोणाचे ऐकत नव्हती. विकत घेतली की आपली. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांना फक्त खालचा पट्टा दिसे. म्हणूनच त्या पट्ट्यात जागा मिळवण्यासाठी वाहिन्या उलट केबल कंपन्यांना पैसे देऊ लागल्या. ॲनालॉगमध्ये एका वाहिनीला तारेतली सात मेगाहर्ट्झ जागा लागते. जागा थोडी, उमेदवार फार. याला ‘कॅरेज फी’ म्हणत. एकीकडून वाहिनी केबलवाल्याकडे पैसे मागते आहे आणि दुसरीकडून तीच वाहिनी जागेसाठी पैसे देते आहे, असा तो विचित्र बाजार होता.

यावर उपाय म्हणून कुलूप कंट्रोल रूममधून उचलून थेट घरात न्यायचे ठरले. २००२ च्या अखेरीस कायद्यात ४-अ हे कलम घालण्यात आले आणि ‘कॅस’, म्हणजे कंडिशनल ॲक्सेस सिस्टिम, हा शब्द वर्तमानपत्रांत आला. मोफत वाहिन्या तारेतून तशाच दिसतील, ‘पे’ वाहिन्या हव्या असतील तर खोका घ्या, अशी योजना. जुलै २००३ ची तारीख पुढे गेली, सप्टेंबर ठरला आणि तेव्हा ती लागू झाली फक्त चेन्नईत. दिल्लीत निवडणुका तोंडावर होत्या. टीव्ही बंद पाडून मतदाराला रागावण्याची कोणाची तयारी नव्हती. मुंबईतही मुहूर्त टळला. चेन्नईत अनेकांनी सरळ खोका न घेता मोफत वाहिन्यांवर भागवले, हा या साऱ्या प्रयोगातला सर्वांत शहाणा प्रतिसाद म्हणावा लागेल. २००४ च्या फेब्रुवारीत योजनाच स्थगित झाली. त्याआधी महिनाभर प्रसारणाचे नियमन ‘ट्राय’कडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, सोपवले गेले होते.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ३१ डिसेंबर २००६ पासून दिल्ली, कोलकाता आणि मुंबईच्या काही भागांत, आपल्याकडे दक्षिण मुंबईत, कॅस पुन्हा आली. त्या वेळचे दरपत्रक मला आजही वाचनीय वाटते. किमान तीस मोफत वाहिन्यांना महिना ७७ रुपये, कोणतीही ‘पे’ वाहिनी जास्तीत जास्त ५ रुपये, खोक्यासाठी ९९९ रुपये अनामत आणि महिना ३० रुपये भाडे, किंवा २५० रुपये अनामत आणि ४५ रुपये भाडे. सुटी भाजी घ्यावी तशी सुटी वाहिनी घेण्याची सोय भारतीय प्रेक्षकाला सरकारने ठरवलेल्या दरात मिळाली ती ही पहिली. पण ती मूठभर वस्त्यांपुरतीच राहिली. शिवाय दरम्यान स्पर्धक आला होता : डिश टीव्ही २००३ मध्ये, दूरदर्शनची मोफत डीडी डायरेक्ट प्लस सेवा २००४ मध्ये, टाटा स्काय २००६ मध्ये. घराच्या खिडकीवरच्या छोट्या छत्रीला मधला केबलवाला लागतच नव्हता.

म्हणून २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये दुरुस्ती कायदा आला तो पळवाट न ठेवता. आता मोफत असो वा ‘पे’, प्रत्येक वाहिनी कुलूपबंद डिजिटल स्वरूपातच जाणार. खोका नाही तर चित्रच नाही. चेन्नईकरांची युक्ती संपली. चार टप्पे ठरले. पहिला चार महानगरांचा, ३० जून २०१२ वरून ३१ ऑक्टोबरवर ढकललेला. दुसरा ३१ मार्च २०१३ चा, अडतीस शहरांचा. त्यात पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, औरंगाबाद, सोलापूर ही आपली शहरे होती. कोलकात्यात राज्य सरकारने विरोध केला, चेन्नईत प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई आणि दिल्लीने मात्र बरीचशी मान तुकवली. गावांचा शेवटचा टप्पा लांबत लांबत ३१ मार्च २०१७ ला संपला.

खोका बसवायला येणारा मुलगा तोच, जुना. भिंतीतून आलेल्या तारेचे टोक सोलून तो पितळी पेच बसवी, तो खोक्याच्या मागे फिरवी, खोक्यातून लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची दोरी टीव्हीला जोडी. मग टीव्हीच्या रिमोटने ‘एव्ही’, खोक्याच्या रिमोटने शोध. आकडा शंभराकडे चढत जाई आणि वाहिन्यांची यादी भरे. आजपासून दोन रिमोट, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावणे सर्वांत अवघड. टीव्ही नेहमीच्या सवयीने बंद केला तरी खोका चालूच राही, आणि टीव्हीच्या रिमोटवर चुकून चॅनेलचे बटण दाबले गेले की निळा पडदा येई. या एका कारणाने केबलवाल्याच्या किती चकरा झाल्या असतील! बसवणूक झाल्यावर तो एक फॉर्म भरून घेई : नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, खोक्याचा क्रमांक. सगळ्या प्रक्रियेतला कळीचा कागद तो हाच. वहीतले ‘खोली १४, कदम’ त्या दिवशी कंपनीच्या संगणकात उतरले.

त्याचे तंत्र थोडे समजून घेतले पाहिजे. पुष्कळांचा समज असा की खोका आपण काय पाहतो ते वर कळवतो. आपल्याकडच्या साध्या केबलच्या खोक्याला तसे तोंडच नाही. तो फक्त ऐकतो. कंट्रोल रूममधून सगळ्या तारेत सतत छोटे संदेश फिरत असतात : अमुक क्रमांकाच्या कार्डाला अमुक वाहिन्या उघड्या, तमुक कार्ड बंद. आतले कार्ड किंवा चिप आपल्या क्रमांकाचा संदेश ओळखते आणि तसे वागते. म्हणूनच महिनाभर बंद ठेवलेला खोका सुरू केल्यावर कधी पंधरा मिनिटे काहीच दाखवत नाही; तो आपल्या नावाची हाक येण्याची वाट पाहत असतो. पडद्यावर मध्येच कुठेतरी लांबलचक आकडा उमटून जातो, तो बिघाड नव्हे. तो त्या खोक्याचा ठसा. कोणी पडद्याचे चित्रण करून चोरून दाखवले, तर ते कोणत्या घरातून निघाले हे त्यावरून सापडावे म्हणून तो उमटवणे नियमानेच आवश्यक आहे. जिन्यातल्या डबीपाशी तार सोडवणारा पोऱ्या आता गरजेचा उरला नाही. ते काम कार्यालयातून एका कळीवर होऊ लागले. ‘सोमवारी देतो रे’ असे त्या कळीला सांगता येत नाही.

हे सारे झाल्यावर एचडीची गोष्ट येते. ३ ऑक्टोबर २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांबरोबर दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण सुरू केले होते. रंगीत टीव्हीप्रमाणे हेही क्रीडास्पर्धेच्या पाठीवर बसून आले. साध्या चित्रात ५७६ ओळी, एचडीत १०८०. फरक डोळ्यांना दिसतो, विशेषतः हिरव्या मैदानावर चेंडू शोधताना. पण पहिल्या लाटेत वाटलेल्या खोक्यांना एचडी दिसणार नव्हते. त्यातले अनेक तर एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीचे होते आणि एचडीसाठी एमपीईजी-४ वाचणारा खोका हवा. म्हणजे सक्तीने घेतलेला खोका तीन-चार वर्षांत बदलून दुसरा, महाग खोका. ‘पे’ वाहिन्यांच्या दरांवर ट्रायचा अंकुश होता, एचडी मात्र त्यातून मोकळी सोडली होती. ती चैन समजली गेली. २०१६ साली मराठी करमणूक वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आल्या आणि ही चैन दिवाणखान्यात रुजली.

तिच्यातला एक भाग निव्वळ वाया जात होता, हे कोणी मोठ्याने सांगितले नाही. एचडी खोक्याला एचडीएमआयची चपटी तार लागते. घरोघरी मात्र सवयीने किंवा तार सोबत न आल्याने जुनीच पिवळी पिन लावली जाई, आणि त्या पिनेतून एचडी चित्र जातच नाही. पैसे १०८० ओळींचे, चित्र ५७६ चे. त्यात खोक्याच्या सेटिंगमध्ये पडद्याचे प्रमाण चुकलेले असेल, तर चौकोनी चित्र ताणून रुंद होई आणि बातम्या देणारी माणसे बुटकी, फुगलेली दिसत. कितीतरी घरांत त्यालाच एचडी समजले जात होते. खोक्याच्या मेनूत जाऊन चित्राचे प्रमाण १६:९ करायचे आणि आउटपुट १०८०आय निवडायचे, हे दोन मिनिटांचे काम. ते मराठीत लिहून देणारा साधा कागद मला तरी कोणत्या खोक्याच्या पेटीत आढळला नाही.

मोजदाद पक्की झाल्यावर दरांची नवी घडी बसवणे शक्य झाले. ट्रायची २०१७ ची दरव्यवस्था न्यायालयीन लढाईनंतर फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्यक्षात आली. शंभर वाहिन्यांच्या जोडणीला १३० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. वाहिन्यांचे पैसे वेगळे. एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरायची. प्रत्येक वाहिनीची किंमत छापील. कागदावर ही २००६ च्या दरपत्रकाचीच मोठी बहीण होती. पण ५ रुपयांची मर्यादा आता उरली नव्हती. गठ्ठ्यात घालायच्या वाहिनीला १९ रुपयांपर्यंत मुभा होती आणि लोकप्रिय वाहिन्यांपैकी अनेकांनी नेमके तेच १९ गाठले. सुटी घेतली तर महाग, गठ्ठ्यात घेतली तर नको असलेल्या दहा सोबत. त्या महिन्यात वाहिन्यांच्या याद्या हातात घेऊन घरोघरी झालेल्या वाटाघाटी अनेकांना आठवत असतील : आजीची मालिका, मुलांचे कार्टून, बाबांचे क्रिकेट, यांपैकी काय ठेवायचे. निवड दिली गेली हे खरे, पण बहुतेकांनी शेवटी केबलवाल्याने सुचवलेला गठ्ठाच घेतला.

या साऱ्यात हरले कोण? करमणूक कर १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरला आणि निरीक्षकांच्या चकरा थांबल्या. वाहिन्यांना त्यांची घरे सापडली. केबलवाल्याची वही गेली. तो आता कंपनीच्या पोर्टलवर आगाऊ पैसे भरतो आणि मग घरोघरी वसूल करतो. ज्या जोडण्या त्याने स्वतः खांबांवर चढून टाकल्या, त्यांची यादी आता दुसऱ्याच्या संगणकात आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन्ही कंपन्यांतील नियंत्रक हिस्सा घेण्याची घोषणा केली, तेव्हा विकत घेतले जात होते त्यात या याद्याही होत्या. शहाण्या केबलवाल्यांनी त्याच खांबांवरून इंटरनेटची फायबर ओढली आणि ते तरले.

प्रेक्षकाची बाजू मात्र दरपत्रकांत कुठेच नीट येत नाही. मोजदादीचा खर्च त्याने केला. खोक्यासाठी हजार-दीड हजार रुपये मोजले, आणि तरीही खोका पूर्णार्थाने त्याचा झाला नाही. कंपनी बदलली की तो निरुपयोगी, कारण आतले कुलूप एकाच कंपनीच्या किल्लीचे. मोबाइल बदलताना कार्ड काढून दुसऱ्यात घालता येते, तसे इथे चालत नाही. ट्रायने २०२० च्या एप्रिलमध्ये शिफारस केली की खोके कोणत्याही कंपनीबरोबर चालतील असेच असावेत. अजून तसे खोके बाजारात सर्रास मिळत नाहीत. घर बदलणाऱ्या भाडेकरूंचे जुने खोके भंगारवाल्याकडे जातात. तो त्यांतला बारा व्होल्टचा ॲडाप्टर आधी काढून घेतो, कारण तो राउटरला चालतो, आणि उरलेला खोका वजनावर घेतो.